केशरबाईनं कापलेली वर्षं

जऊळक्याला स्टेशनाच्या रस्त्यावर मंजुषाचं सेवा केंद्र आहे. एक टेबल, एक प्रिंटर, बोटं लावायचं मशीन आणि बाहेर एक लाकडी बाक. सप्टेंबरातल्या एका सकाळी केशरबाईनं त्या टेबलावर नवऱ्याचं आधार कार्ड ठेवलं आणि ती जी खुर्चीत बसली ती उठायचं नाव घेईना.

"काकू, घेत नाई ना ते," मंजुषा तिसऱ्यांदा म्हणाली. "सत्तर पूर्ण पायजेत. काकाचं आधारवर सदुसष्टच दिसून राह्यलं."

"मशीनले काय कळते? तू माणूस पाह्य. दात मोज त्याचे. वरचे चार अन् खालचे तीन उरले. सदुसष्टच्या माणसाचं तोंड असं असते काय?"

बाहेर बाकावर बसलेल्या इंद्रभाननं हे ऐकलं आणि तोंड मिटून घेतलं. बिचारा पंधरा दिवसांपासून सगळ्यांसमोर काही ना काही उघडून दाखवत होता. आधी डॉक्टरला छाती, आता या पोरीला दात.

पोळा झाला आणि इंद्रभानच्या छातीत कळ आली. अकोल्याला नेलं. तपासणी झाली, तेव्हा कळलं की हृदयाच्या तीन नळ्या बंद पडत आल्या आहेत, ऑपरेशन केल्याशिवाय गत्यंतर नाही. केशरबाई तशी घाबरली नव्हती. घराला सरकारी विमा होता, रेशनकार्डावर नाव होतं, आणि त्याच विम्यातून उन्हाळ्यात धम्मपाल वाचला होता. धम्मपाल तिचा एकुलता एक मुलगा. मोटरसायकलवरून पडून त्याच्या डोक्याला आणि मांडीला मार लागला होता, दीड महिना दवाखान्यात होता. तो आता कुबडीवर का होईना, पण अंगणात फिरत होता. पण अकोल्याच्या दवाखान्यातल्या बाईनं संगणकात पाहून सांगितलं, की घराचा या वर्षाचा विमा पोरावरच जवळजवळ संपला. उरलं त्यात हे ऑपरेशन बसत नाही. नवीन वर्षाचा विमा लागायला अजून पुष्कळ महिने होते आणि इंद्रभानच्या नळ्यांना तेवढी सवड नव्हती.

त्याच बाईनं जाता जाता एक वाट दाखवली होती. सत्तर वर्षं पूर्ण झालेल्या माणसाचं वेगळं कार्ड निघतं. गरीब असो की श्रीमंत, कुणाचंही. त्या कार्डावर म्हाताऱ्याला स्वतःचा वेगळा पाच लाखांचा विमा मिळतो, त्यात घरातल्या तरुण माणसाचा वाटा नाही. जुना आजार असला तरी चालतो, थांबावं लागत नाही. अट एकच. आधारवर सत्तर पूर्ण दिसले पाहिजेत.

"मतदान कार्डावर त्र्याहत्तर हाय," केशरबाईनं पिशवीतून दुसरं कार्ड काढलं.

"ते चालत नाई काकू. आधारच लागते."

"रेशनकार्डावर..."

"काकू, आधार." मंजुषानं आधार कार्ड उलटं करून तिच्यासमोर धरलं. "एक जानेवारी अठ्ठावन. ही तारीख कोनं सांगतली होती?"

केशरबाई खुर्चीतून उठली, कार्डं पिशवीत टाकली आणि बाहेर आली. इंद्रभाननं विचारलं, "काय म्हने?" तर ती म्हणाली, "चला घरी." ती तारीख कोणी सांगितली होती, हे तिला चांगलं ठाऊक होतं.

तेरा वर्षांपूर्वी गावच्या शाळेत आधारचं शिबिर लागलं होतं. त्या वेळी केशरबाई आणि इंद्रभान रोजगार हमीच्या कामावर जायचे. पाझर तलावाची माती खोदायचे. रांगेत उभं असताना कुठून तरी उठलं, की साठीच्या वरच्यांची नावं जॉबकार्डावरून कापणार. खरं की खोटं, कोणी विचारायला गेलं नाही. रांगेतल्या बाया पटापटा वयं कमी सांगू लागल्या आणि त्या दुपारी त्या शाळेत अख्खी वस्ती तरुण झाली. धुरपताबाई तर स्वतःच्या लेकीहून अकरा वर्षांनीच मोठी उरली. इंद्रभान चारचौघांत बोलायला जड माणूस. खुर्चीवरच्या पोरानं त्याला वय विचारलं आणि तो बायकोकडे बघू लागला. केशरबाईनं सांगून टाकलं, "चोपन." साठाचे चोपन. सहा वर्षं एका दमात कापली. पोरानं चोपन्नवरून साल काढलं, पुढं एक जानेवारी लावलं आणि झालं. त्या सहा वर्षांवर इंद्रभाननं पुढं बरीच वर्षं माती उचलली, आणि त्याच सहा वर्षांनी आता त्याचा गळा धरला होता.

आता गंमत अशी, की खोटं बोलण्यासाठी केशरबाईचं नाव कधीच नव्हतं. उलट कामावर तिच्या खरेपणाचा लोकांना वैताग होता. माती खोदताना मधे मातीचा एक खांब तसाच ठेवतात, म्हणजे किती खोल गेलं ते मोजणाऱ्याला दिसतं. हुशार लोक रात्रीतून त्या खांबाच्या डोक्यावर चार बोटं माती थापायचे, वर गवताची पेंडी दाबायचे, की खोली वाढली. केशरबाई ते करू देत नसे. म्हणायची, "मोजमाप आपलं कमी भरलं तर उद्या जास्त खोदू, पन खांबाले हात लावाचा नाई." आणि साहेबानं मोजमाप कमी लिहिलं तर ती त्याच्यासमोर खड्ड्यात उतरून वितीनं मोजून दाखवायची. साहेब लोक तिला टरकून असायचे. अशी बाई. आणि तिनंच नवऱ्याच्या वयाचा खांब छाटला होता.

रात्रभर तिनं स्वतःला शिव्या घातल्या. सकाळी उठली ती वेगळीच. चहा दिला, नवऱ्याच्या गोळ्या त्याच्या हातावर ठेवल्या आणि म्हणाली, "तुमची सहा वर्षं म्या खाल्ली. म्याच आनून देतो."

"आता कुठून आनतं वं?" इंद्रभान म्हणाला.

"जिथी लिहून ठेवले असतीन तिथून."

मंजुषानं तिला सांगितलं होतं, की आधारवरची जन्मतारीख बदलता येते, पण एकदाच. पक्का कागद पाहिजे, जन्माचा दाखला. पुन्हा चूक झाली तर मग मोठ्या ऑफिसात खेटे घालावे लागतात. त्यामुळे जी तारीख लावायची ती खरीच लावा, काकू, असं तिनं बजावलं होतं.

जन्माचा दाखला कुठून आणायचा, हे वस्तीतल्या कुणालाही विचारावं लागत नाही. पोरांचे जातीचे दाखले काढताना सगळ्यांनी ते केलेलं असतं. पूर्वी गावात कोणी जन्मलं किंवा मेलं, की कोतवाल आपल्या वहीत नोंद करी. त्या वह्या वाशीमला अभिलेख कक्षात ठेवलेल्या आहेत. कोतवाल बुक म्हणतात त्याला. बापाचं नाव, जात, तारीख, मुलगा की मुलगी. पोराचं नाव त्यात नसतं, कारण बारशाच्या आधीच नोंद व्हायची.

तिथं गोविंदसिंग नावाचे एक चष्मेवाले कारकून होते. केशरबाईनं अर्ज दिला. साल लिहिलं एकोणीसशे बावन्न. बावन्नच का, तर त्याचाही पक्का हिशेब होता. छप्पन साली नागपूरला दीक्षा झाली तेव्हा इंद्रभान चार वर्षांचा होता. हे त्याचं स्वतःचं सांगणं होतं. दर वर्षी दसऱ्याला वस्तीतली पोरंसोरं त्याला विहारासमोर बसवत आणि तो सांगे, "बापाच्या खांद्यावर होतो मी. जिकडं पाहावं तिकडं पांढरंच पांढरं, शेतात कापूस फुटल्यावानी. मांगून कोनंतरी माह्या हातात गूळ अन् फुटाने ठेवले. थे चव अजून हाय तोंडात." एरवी दहा शब्द न बोलणारा माणूस तेवढ्या एका दिवशी अर्धा तास बोलायचा. नागपूरला बापाबरोबर गेलेलं आणि अजून हयात असलेलं असं त्या वस्तीत तो एकटाच होता.

पहिल्या खेपेला वही सापडली नाही. दुसऱ्या खेपेला गोविंदसिंग रजेवर. तिसऱ्या खेपेला लाइट नव्हती. प्रत्येक वेळी केशरबाई डब्यात भाकरी बांधून आली आणि ऑफिस बंद होईपर्यंत व्हरांड्यात बसून राहिली. चौथ्या खेपेला गोविंदसिंगांनी पिवळी पडलेली वही तिच्यासमोर उघडली. बोट ठेवलं.

"हे घ्या मावशी. पुंजाजी. गाव तुमचंच. बावन साल, मार्च महिना. मुलगा."

केशरबाई चौथी शिकलेली होती. तिनं बोटानं एकेक अक्षर वाचलं. सासऱ्याचं नाव वाचताना तिचे डोळे भरून आले. नक्कल मिळाली, शिक्का बसला. बावन्न म्हणजे त्र्याहत्तर. आधार दुरुस्त झालं की लगेच कार्ड, लगेच ऑपरेशन. एसटीत केशरबाई ती नक्कल पदराखाली धरून बसली.

घरी आल्यावर तिनं नवऱ्याला कागद दाखवला. "मार्च महिन्यातले हाय तुमी."

इंद्रभान विचारात पडला. "मार्च? आई तं म्हने, कापूस वेचाच्या दिवसातला हाय मी. वावरातूनच पोटात दुखाले लागलं म्हने तिच्या."

"इसरली असंन."

"असंन." मग तो म्हणाला, "थोरल्याचं असंन काय थे?"

"कोन थोरला?"

"माह्या आंधी एक होता ना. वर्षाचा होऊन गेला. आई कदी कदी नाव काढे."

चाळीस वर्षांच्या संसारात केशरबाईनं हे कधी ऐकलं नव्हतं. सासू सांगण्याआधीच गेली होती आणि नवऱ्याला विचारल्याशिवाय बोलायची सवय नव्हती. ती चुलीपुढं बसली. कागद हातात होता, त्यावर शिक्का होता. पोराचं नाव त्यात नव्हतंच, तेव्हा हा मुलगा कोणता असं कोणी विचारणार नव्हतं. सूनबाई धम्मदीपा म्हणाली, "आत्याबाई, देऊन टाका. कोनाचं काय जाते?" कुबडीवरून धम्मपालही म्हणाला, "आई, आता खुसपट काढू नको. बाबाजवळ टाइम नाई."

खरंच नव्हता. तरी केशरबाईला झोप लागेना. हा कागद म्हणजे खांबाच्या डोक्यावर थापलेली माती होती, आणि तिच्या मनातून ते जाईना. शिवाय दुसरी एक गोष्ट होती, ती तिनं कुणाला सांगितली नाही. गेलेल्या लेकराच्या वयावर जित्या माणसाची छाती उघडायला द्यायची, याची तिला भीती वाटली. असल्या गोष्टींवर आपला विश्वास नाही असं ती चारचौघांत ठणकावून सांगायची, आणि नसेलही. पण भीती वाटली.

पाचव्या खेपेला ती गोविंदसिंगांपुढं उभी राहिली. "भाऊ, त्रेपन सालचे मरन काढा."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "मावशी, तुमचं काम झालं ना?"

"झालं का नाई, थेच पाहाचं हाय."

वही निघाली. त्रेपन्न सालच्या एप्रिलमध्ये पुंजाजीचा मुलगा, वय एक वर्ष, ताप. मग गोविंदसिंगांनी स्वतःहून पुढची वही काढली, त्याच्या पुढची काढली. त्या दिवशी त्यांनी जेवणाची सुट्टीसुद्धा घेतली नाही. शेवटी पंचावन्न सालात बोट थांबलं. एकोणीस नोव्हेंबर. पुंजाजी. मुलगा. कापूस वेचायचे दिवस.

केशरबाई तशीच गावच्या शाळेत गेली. दाखल-खारीज रजिस्टरात इंद्रभान पुंजाजी, जन्म एकोणीस नोव्हेंबर पंचावन्न, तिसरी पास, शाळा सोडली. नावासकट. आता शंकेला जागाच नव्हती.

पण मग तिनं बोटांवर दिवस मोजले. सप्टेंबर संपत होता. इंद्रभानला सत्तर पूर्ण व्हायला पन्नासएक दिवस बाकी होते. आपण सहा कापली असं ती समजत होती, ती खरी दोनच निघाली, पण त्या दोनांनी आणि या पन्नास दिवसांनी मिळून तिला कोंडीत धरलं होतं. बावन्नचा कागद दिला असता तर दिवाळीच्या आत ऑपरेशन झालं असतं.

ती अकोल्याला गेली आणि डॉक्टरांसमोर सगळं जसंच्या तसं सांगितलं. "एकोनीस नोव्हेंबरपर्यंत माहा मानूस टिकते काय, एवढं सांगा. नाई म्हनान तं दुसरा कागद हाय माह्याजवळ. तो जाळला नाई अजून."

डॉक्टरांनी रिपोर्ट पुन्हा पाहिले, गोळ्या बदलल्या. म्हणाले, "गोळी चुकवायची नाही, वजन उचलायचं नाही, रागवायचं नाही. दुखलं की त्याच क्षणी इथं आणा, मग कार्ड असो नसो. एवढं पाळलं तर थांबता येईल."

"पाळतो," केशरबाई म्हणाली, जणू आजारी तीच होती.

घरी येऊन तिनं बावन्नचा कागद चुलीत घातला. मग जे पन्नास दिवस सुरू झाले, त्यात इंद्रभानची जी दशा झाली ती काय सांगावी. सोयाबीन सोंगायला आलं होतं आणि म्हातारा वावराकडे नजर लावून बसला होता. केशरबाईनं त्याच्या चपला पेटीत घालून कुलूप लावलं. तो अनवाणी निघाला, तर तिनं वेशीतून परत आणला. गोळ्यांची वेळ झाली की ती विहिरीवरून बादली सोडून पळत येई. त्याला राग येऊ नये म्हणून धम्मपालला तिनं ताकीद दिली, की बाबासमोर सोयाबीनचा भाव बोलायचा नाही.

मधल्या दिवसांत कागदाची कामंही चालूच होती. तिनं तहसीलमध्ये जाऊन शपथेवर लिहून दिलं, की आधारच्या वेळी वय मी चुकीचं सांगितलं, आता सांगते ते खरं आहे, खोटं निघालं तर शिक्षेला पात्र राहीन. खालच्या जागी ठळक सही केली. जन्माचा दाखला निघाला, आधार केंद्रावर अर्ज गेला आणि दिवाळीनंतर दुरुस्त तारीख मंजुषाच्या पडद्यावर दिसली.

फक्त एक गोष्ट बिघडली होती, आणि ती केशरबाईच्या लक्षात दसऱ्याला आली. पोरं इंद्रभानला बोलवायला आली, "आबा, नागपूरचं सांगा ना." तो म्हणाला, "खोकला हाय रे," आणि भिंतीकडे तोंड करून झोपला. खोकला नव्हता. पंचावन्नच्या नोव्हेंबरात जन्मलेलं पोर छप्पनच्या ऑक्टोबरात अकरा महिन्यांचं असतं. अकरा महिन्यांच्या पोराला ना पांढरी गर्दी आठवते, ना फुटाण्याची चव. बापानं सांगितलेलंच त्याला आपलं आठवणं वाटत आलं होतं. हा हिशेब तिसरी पास माणसानं पडल्या पडल्या केला होता आणि कोणाला बोलला नव्हता. केशरबाई सहा वर्षं परत आणायला गेली आणि त्याच्या हातातलं हे एवढंसं घेऊन आली.

एकोणीस नोव्हेंबरला मंजुषानं कुलूप काढलं तेव्हा हे दोघं पायरीवर बसलेले होते. इंद्रभानची बोटं मशीननं घेतली नाहीत. माती उचलून उचलून त्यावर रेघाच उरल्या नव्हत्या. मंजुषानं मोबाइलवर चेहरा लावला. "काका, डोळे उघडा अन् मिटा." त्यानं मिटले, उघडले. केशरबाईनं टेबलाची कड घट्ट धरली होती. थोडा वेळ काहीतरी गोल गोल फिरत राहिलं आणि मग मंजुषा हसली.

"घेतलं काकू. सत्तर पूर्ण."

केशरबाई मटकन खुर्चीत बसली आणि ढसाढसा रडली. इतक्या खेपांत पहिल्यांदाच.

आठव्या दिवशी अकोल्याच्या दवाखान्यात इंद्रभानला हिरवे कपडे घालून स्ट्रेचरवर घेतलं. कार्डाचा नंबर लागला होता, मंजुरी आली होती. ऑपरेशनच्या दारापाशी नर्स म्हणाली, एक मिनिट बोला. इंद्रभाननं बायकोचा हात धरला. तो घाबरला होता, आणि घाबरलेला माणूस मनातलं बोलून जातो.

"केशर, खरं सांग वं. नागपूरले मी केवढा होतो?"

तिच्या पिशवीत जन्माचा दाखला होता, शाळेचा उतारा होता, शपथेच्या कागदाची झेरॉक्स होती. तिन्हींवर एकच तारीख होती आणि ती मिळवायला तिनं पन्नास दिवस जीव मुठीत धरला होता.

"चार वर्षांचे," ती म्हणाली. "चांगले चार वर्षांचे. बापाच्या खांद्यावर."

"अन् थो कागद?"

"कोतवालानं उशिरा लिवलं असंन. वस्तीतलं पोर, त्याले काय घाई."

इंद्रभाननं डोळे मिटले. ओठ जरा हलले, फुटाणा चघळल्यासारखे.

"मंग बरोबर आठवते मले," तो म्हणाला, आणि स्ट्रेचर आत गेलं.